उन्हात ओढलेलं रीळ

माझा थोरला भाऊ लढाईवरून परत आला तेव्हा त्यानं आईला लोकरीची शाल आणली, वडिलांना दाढीची पेटी आणली आणि मला कॅमेरा दिला. तो फौजेच्या कोठारात हिशेबनीस होता. कॅमेरा कुणाकडून मिळाला, कसा मिळाला, हे त्यानं कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "एका गोऱ्यानं दिला." एवढंच.

माझं माहेर बार्शीचं, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातलं. सासर परंड्याला, निजामाच्या राज्यात. आमचे हे तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होते. माहेरच्या आठ-पंधरा दिवसांत भावानं मला कॅमेरा चालवायला शिकवला आणि फिल्म धुवायलाही शिकवलं. मला घेऊन जायला हे आले, तेव्हा कॅमेरा हातात घेऊन त्यांनी आधी उलटासुलटा करून पाहिला.

"चोरीचा तर न्हाय ना?" ह्यांनी विचारलं.

"भावानं दिलाय," मी म्हणाले.

"त्ये कळलं. त्याला कुणी दिला?"

सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरही हाच संशय. नाकेदारानं ट्रंक उघडली, कॅमेरा बाहेर काढला आणि वरचं झाकण उचलून आत डोकावला. आतल्या काचेवर समोरचा रस्ता दिसतो, पण डाव्याचा उजवा होऊन. बैलगाडी खरोखर उजवीकडं चालली होती, ती काचेत डावीकडं जाताना दिसली. नाकेदारानं डोळे चोळले, परत बघितलं आणि आम्हाला तासभर बसवून ठेवलं. हे मास्तर आहेत हे कळल्यावर सोडलं, पण कॅमेरा परत देताना तो म्हणाला, "मास्टरसाब, सीधी चीज को उलटा दिखाने वाला माल है. संभाल के रखना."

चौकोनी, काळा, चांगला वजनदार कॅमेरा होता तो. पुढं दोन भिंगं, एकावर एक. वरच्यातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. पोटाशी धरून, मान खाली घालून त्यात बघावं लागे. मागच्या बाजूला एक इवलीशी तांबडी खिडकी, तिच्यात कितवा फोटो आहे तो आकडा दिसे. आत रुंद फिल्मचं रीळ बसे, काळ्या कागदात गुंडाळलेलं. एका रिळात डझनभर फोटो, आणि रीळ मिळायचं फक्त सोलापूर-बार्शीला, तेही लढाईनंतर मोठ्या मुश्किलीनं. पण निगेटिव्ह एवढी मोठी की तेवढ्याच आकाराचा फोटो कागदावर उतरवला तरी माणूस ओळखू येई. मोठं करायला वेगळं यंत्र लागत नसे.

आमच्या शेजारी तहसील कचेरीतल्या पेशकारांचं घर. दोन्ही परसांच्या मधल्या भिंतीत एक लहानसं दार होतं आणि त्यातून विरजण, मिठाच्या चिमटी आणि बातम्या यांची ये-जा चाले. पेशकारांच्या बायकोला मी भाभी म्हणत असे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगानं जाड, आवाज बारीक आणि नजर अशी की समोरच्याच्या खिशातलं मोजून घेईल. कॅमेरा तिनं पहिल्यांदा पाहिला तो माझ्या परसात.

"दोन डोळे कशाला ह्याला?" तिनं विचारलं. "येक मला बघतंय. दुसरं कुणाला बघतंय?"

मी समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही. "तू खाली बघतीस आन् फोटू आमचा निघतो. असल्या माणसावर भरवसा ठेवू न्हाय," असं म्हणून ती गेली. पण महिनाभरानं स्वतःच आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलगी हैदराबादला जायची होती. जाण्याआधी तिचा एक फोटो भाभीला घरात हवा होता. बाजारातल्या फोटोवाल्यासमोर परद्यातल्या मुलीला बसवणं शक्यच नव्हतं.

"फोटू तू काढशील, ठीक," भाभी म्हणाली. "पर धुणार कोण?"

"मीच धुते."

"बार्शीला न्हाय पाठवत?"

"नाही."

"मी बघणार. आत बसणार."

आणि खरोखरच बसली. धान्याच्या खोलीला खिडकी नव्हती. दाराला दोन गोधड्या लावल्या, कंदिलाला तांबडं कापड गुंडाळलं. त्या वेळची आमची फिल्म तांबड्या उजेडाला भीत नसे. ज्वारीच्या पोत्यावर भाभी बसली, मी खाली. तीन ताटल्या मांडल्या होत्या: एकीत चित्र उमटवणारं औषध, एकीत पाणी, एकीत चित्र पक्कं करणारा हायपो. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून ती औषधातून झोपाळ्यासारखी खालीवर करत राहायची. परंड्याच्या उन्हाळ्यात औषध कोमट झालं की फिल्मवरचा सायीसारखा थर सुटतो, म्हणून ताटली रांजणातल्या गार पाण्यात ठेवलेली. भाभीनं सगळा वेळ माझ्या हातावरची नजर काढली नाही. चित्र उमटायला लागलं तशी ती वाकली.

"ह्ये काय केलंस," ती हळूच म्हणाली. "पोरीचं तोंड काळं, केस पांढरे. म्हातारी चुडैल केलीस माझ्या पोरीची."

कागदावर उतरवल्यावर सगळं सरळ होईल, हे मी दहादा सांगितलं. तिनं मान हलवली नाही. दुसऱ्या दिवशी कागदावर मुलगी उमटली, नथ, झुमके, ओठांच्या कोपऱ्यातलं हसू, सगळं जागच्या जागी. भाभीनं फोटो पदरात बांधला आणि हात पुढं केला. "ती काळीबी दे."

निगेटिव्ह म्हणत होती ती. "तुझ्याकडं राहिली तर पुन्हा निघंल फोटू. कुणाच्याबी हातात जाईल."

मी दिली. पुढं हाच नियम झाला. भाभीच्या ओळखीनं बायका यायला लागल्या, तिच्या नात्यातल्या, मग आमच्या गल्लीतल्या देशमुखांच्या सुना, मग वाण्याच्या घरच्या. प्रत्येकीची अट एकच: पुरुषाच्या नजरेला पडता कामा नये. फोटो आणि निगेटिव्ह दोन्ही घेऊन त्या जात. माझ्याकडं राही रिकामं रीळ आणि बोटांना औषधाचा तपकिरी डाग. ह्यांना एवढंच ठाऊक होतं की बायका येतात आणि मी फोटो काढते. कुणाचे, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तसा शब्दच दिला होता.

मग दिवस बदलले. इंग्रज गेले, बार्शीत झेंडा लागला आणि आमच्याकडं मात्र निजामाचंच राज्य राहिलं. सरहद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्या तरुण मुलांचे तळ पडलेत, रात्री ती नाके जाळतात, अशी कुजबुज असे. आमच्या बाजूला निजामाची बाजू घेणारी वर्दीतली टोळकी गावोगाव फिरू लागली. माणसं बोलता बोलता थांबत आणि मागं वळून बघत. परंड्याच्या किल्ल्यावर पहारा बसला. माहेरी गेले की भाऊ मला इकडचं तिकडचं विचारी. एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "किल्ल्यावर माणसं बरीच असतात काय गं?" मी म्हणाले, "मला काय ठाऊक." त्यानं विषय बदलला. पण घास गिळताना मला वाटलं, हे यानं सहज विचारलं नाही. कॅमेरा मला देण्यामागंही काही होतं का, हा विचार त्या दिवशी प्रथम मनात आला आणि मग गेला नाही.

त्या हिवाळ्यात भाभी एक पाहुणी घेऊन आली. विशीतली, नाजूक, बुरखा काढल्यावर खोलीत उजेड पडावा अशी. तिची आई गुलबर्ग्याला अंथरुणाला खिळलेली होती आणि लेकीला एकदा बघायचं म्हणत होती. लेकीला माहेरी पाठवायला नवरा तयार नव्हता. निदान फोटो जावा, एवढंच तिचं म्हणणं.

"कुणाच्या घरच्या?" मी भाभीला विचारलं.

"तुला काय करायचंय. काढ."

दिवस लहान, परसात सावली. म्हणून आम्ही भाभीच्या माळवदावर गेलो. कठडा डोक्याएवढा नसला तरी खाली बसलेली बाई रस्त्यावरून दिसत नसे. ती बसली, मी उभी, कॅमेरा पोटाशी. तिच्या मागं किल्ल्याचा बुरूज येत होता. मी बाजू बदलली असती, पण ती तशी बसली तरच तिच्या तोंडावर उजेड पडत होता. तिनं डोक्यावरची ओढणी खांद्यावर टाकली आणि आईला सांगावं तसं भिंगाला काहीतरी पुटपुटली. मी तिचे चार-पाच फोटो काढले. रीळ अजून संपलं नव्हतं म्हणून धुवायचं राहिलं.

ती गेल्यावर भाभी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अमीनची बायको हाय. कुठं बोलू नको."

ठाण्याच्या बड्या अंमलदाराला आमच्याकडं अमीन म्हणत. आणि त्याच आठवड्यात, शाळा सुटायच्या सुमाराला, तो अमीन आमच्या दारात उभा राहिला. बरोबर दोन शिपाई आणि मागं आमचे हे, शाळेतून तसेच आणलेले, खडूनं हात पांढरे.

अमीन मोठ्यानं बोलला नाही. ओसरीवर बसला, पाणी मागून प्याला. मग ह्यांना म्हणाला, "मास्टरसाब, तुमच्या घरातून किल्ल्याची तस्वीर काढली गेली. पहाऱ्याच्या माणसानं पाहिलं. छतावर कोणी बाई, मान खाली, हातात डबा, तोंड किल्ल्याकडं."

"माझ्या घरातून न्हाय, साहेब," हे म्हणाले आणि माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मी ओळखला.

अमीन माझ्याशी बोलताना नजर जमिनीवर ठेवत होता, तेवढी अदब त्याच्याकडं होती. "बाई, तुमचे भाऊ बार्शीला असतात."

"हो."

"कॅमेरा त्यांनी दिला."

"हो."

"त्यात रीळ आहे?"

मी खोटं बोलू शकले असते, पण मागच्या खिडकीत आकडा दिसत होता आणि शिपायानं कॅमेरा आधीच कोनाड्यातून काढला होता.

"उस्मानाबादला पाठवतो," अमीन म्हणाला. "तिथं धुतील. किल्ला नसेल तर वस्तू परत मिळेल. घाबरायचं कारण नाही."

ते रीळ उस्मानाबादला जाईल, कुणी पुरुष ते धुईल, फोटो टेबलावर मांडले जातील आणि हा माणूस वाकून बघेल. समोर त्याची स्वतःची बायको असेल, डोकं उघडं, ओठ हललेले, मागं किल्ला. तिचं काय होईल, भाभीचं काय होईल, पेशकारांचं काय होईल. उरलेल्या फोटोंत देशमुखांची धाकटी सून होती. तीही.

"रीळ पुरतं गुंडाळून काढावं लागतं," मी म्हणाले. "नाहीतर उजेडानं जळतं. मी काढून देते."

अमीननं शिपायाला खूण केली. कॅमेरा माझ्या हातात आला. मी ओसरीच्या पायरीवरून अंगणात उतरले, मागचं झाकण उघडलं आणि फिल्मचं टोक धरून ओढत गेले. काळा कागद एकीकडं, दुधी रंगाची फिल्म दुसरीकडं, सगळी उन्हात. ती सापाच्या कातीसारखी माझ्या पायाशी गोळा झाली.

अमीननं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"मला आतापर्यंत फक्त शक होता," तो म्हणाला.

शिपायांनी फिल्म, कागद, कॅमेरा, सगळं गोळा करून नेलं. ह्यांना दुसऱ्या दिवसापासून शाळेत येऊ नका असं सांगण्यात आलं आणि रोज सकाळी ठाण्यावर हजेरी लागली. मला अटक झाली नाही. बाईमाणूस म्हणून असेल, किंवा माझ्यामागं कोण येतं-जातं ते बघायचं असेल. समोरच्या पानपट्टीपाशी एक अनोळखी माणूस दिवसभर विडी ओढत बसायला लागला.

त्या संध्याकाळी ह्यांनी मला समोर बसवलं.

"खरं सांग. भावानं काम सांगितलं होतं?"

"नाही."

"मग रीळ का जाळलं?"

"सांगता येत नाही."

"मला सांगता येत न्हाय?"

शब्द दिला होता, आणि दुसरं असं की ह्यांच्या तोंडावरून सगळं वाचता येई. ठाण्यावर रोज अमीनच्या समोर उभं राहायचं आणि त्याच्या बायकोची गोष्ट पोटात ठेवायची, हे ह्यांना जमलं नसतं. ते उठून ओसरीवर गेले. पुढं कित्येक दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. बार्शीहून भावाचं माणूस आलं तर हे त्याच्यासमोरून हलत नसत. माझी ट्रंक कुणीतरी उघडून परत लावलेली मला दिसली. लुगड्यांच्या घड्या माझ्या नव्हत्या.

भाभीचं दार तर त्या दिवसापासूनच बंद. मला वाटायचं, पहाऱ्यावाल्याला लांबून नुसती बाई दिसली असेल; ती मी होते ही बातमी हिच्याच घरातून गेली असणार. माळवद तिचं, नवरा कचेरीतला. तिला वाटत असणार की मी कधीतरी नावं सांगेन. अखेर एका दुपारी कडी वाजली. दार बोटभर उघडलं.

"रीळ खरंच जळलं?" आतून आवाज आला.

"सगळ्यांसमोर उन्हात ओढलं."

"येखादी तरी निघाली असंल. त्यांच्याकडं हाय ना ती फिल्म. औषधात घातली तर?"

"काही निघत नाही, भाभी."

"तू म्हणतीस." मग ती म्हणाली, "ती पोरगी जेवत न्हाय. नवरा घरात आला की थरथरती."

माझ्याकडं एक कोरं रीळ शिल्लक होतं, ट्रंकेत कापडात गुंडाळलेलं. कॅमेरा नव्हता, पण रीळ होतं. ते मी आणलं आणि म्हणाले, "आत या. तुमच्या डोळ्यांनी बघा."

परसात तिच्यासमोर मी ते फोडलं, थोडीशी फिल्म उन्हात धरली आणि धान्याच्या खोलीत नेली. गोधड्या, कंदील, ताटल्या. भाभी पोत्यावर बसली. औषधात घातल्याबरोबर फिल्म काळवंडू लागली. कुठं चेहरा नाही, कडा नाही, रेघ नाही. तव्याच्या बुडासारखी एकसारखी काळी. हायपोतून काढून मी ती तिच्या हातात दिली. तिनं कंदिलावरचं तांबडं कापड स्वतःच्या हातानं काढलं, फिल्म ज्योतीसमोर धरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, मग उलटी करून बघितली.

"तुझं ह्ये शेवटचं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी हे ठाण्यावरून आले आणि पाय धूत होते, तेवढ्यात मधलं दार उघडलं. भाभी दाराच्या आडोशाला उभी राहिली. इतक्या वर्षांत ती ह्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मास्तर," ती आतूनच म्हणाली, "त्या रिळात किल्ला नव्हता. आमच्या घरी आलेली बाईमाणसं होती. परद्यातली. तुमच्या बाईनं त्यांच्यासाठी जाळलं. नाव विचारू नका."

हे तसेच ओल्या पायांनी उभे राहिले. "तुमाला कुणी असं सांगायला लावलं?" ह्यांनी विचारलं.

"कोण लावील? कळलं तर माझंच घर मोडंल." मग तिचा आवाज खाली आला. "बातमीबी माझ्याच घरातून गेली असंल. म्या विचारलं न्हाय. विचारून काय करू?"

दार लागलं. हे चुलीपाशी येऊन बसले. मी भाकरी वाढली. पहिला घास खाऊन म्हणाले, "किल्ला मागं आला होता का?"

"आला होता. थोडा."

"म्हंजी पहाऱ्यावाला खोटं बोलला न्हाय."

"नाही."

"तूबी न्हाय," ते म्हणाले आणि जेवायला लागले. त्या रात्रीपासून ट्रंकेला कुणी हात लावला नाही.

अमीनला मात्र कधीच पटलं नाही. हजेरी चालूच राहिली, पार पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य जाईपर्यंत. तेव्हा भीती आमच्या दारातून उठली आणि शेजारच्या दाराशी जाऊन बसली. कुणी मुसलमानांवर सूड उगवतंय, कुणी घर लुटतंय अशा बातम्या गावोगावहून येत होत्या. पेशकार, भाभी आणि त्यांचा म्हातारा चुलता मधल्या दारानं आमच्याकडं आले आणि धान्याच्या खोलीत राहिले. मी भाकरी घेऊन गेले की भाभी आधी माझ्या मागं बघे, कोण आहे का. मग भाकरीला हात लावी. मला राग येत नसे. मीही तसंच जगून पाहिलं होतं. गाव शांत झाल्यावर ते हैदराबादला मुलीकडं गेले. अमीन आणि त्याची बायको कुठं गेले, तिच्या आईपर्यंत कधी काही पोचलं का, हे मला कळलं नाही. भावाला मी किल्ल्याबद्दल एकदा स्पष्ट विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "आता काय त्याचं." अजून मला त्याचा अर्थ लागलेला नाही.

ह्यांना शाळेत परत घेतलं. पुढच्या वर्षी ह्यांनी ठाण्यात अर्ज देऊन कॅमेरा सोडवून आणला. कुठल्याशा ओलसर कोपऱ्यात पडून त्याच्या खालच्या भिंगाला बुरशी आली होती. सोलापूरच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की काच खाल्ली गेलीय, पुसून जायची नाही. फोटो निघत, पण मधोमध धुकं यायचं. मी ते ह्यांना दाखवलं आणि म्हटलं, आता हा ठेवून द्यावा.

ठेवायची वेळ आली नाही. वाण्याची सून तान्ह्याला घेऊन आली. फोटो निघाल्यावर तिनं तो जवळ धरला, लांब धरला. त्यात खाली मांडीवरचं बाळ स्वच्छ होतं आणि मधोमध आलेला तिचा चेहरा पुसटसा.

"मी वळखू येत न्हाय ना?" तिनं विचारलं.

"फारशी नाही."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "आणखी एक काढा."